गच्चीवर हेम्प लावण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यात स्वतःचा फ्लॅट, वर चारशे चौरस फुटांची गच्ची. ऑनलाइन ‘औद्योगिक हेम्प, टीएचसी ०.३ टक्क्यांपेक्षा कमी’ असं छापलेलं बी मिळतंय. (हेम्प म्हणजे भांगेच्याच झाडाचा, धागा आणि बी यांसाठी लावायचा कमी नशेचा प्रकार; टीएचसी म्हणजे त्यातला नशा आणणारा घटक.) आठ-दहा कुंड्या लावायच्या. बी खायला, थोडं तेल, आईच्या सांधेदुखीला पानांचा काहीतरी उपयोग. आणि जमलं तर पुढे गावाकडच्या दोन एकरांत, कारण एक कंपनी करार करायला तयार आहे. भाऊ अमेरिकेत आहे, तो म्हणतो तिकडे तर सगळे लावतात.

उत्तर आधी सांगतो: पुण्यात लावू नका. एक कुंडीसुद्धा नको. पण एवढ्यावर थांबलो तर तुम्ही दुसऱ्या कुणाला विचाराल आणि तो ‘हेम्पमध्ये नशा नसते हो, बिनधास्त लावा’ म्हणेल. म्हणून कारणं नीट मांडतो. माझं काम तंतुपिकांचं. उत्तराखंडात परवाना घेऊन हेम्प करणाऱ्या शेतकऱ्यांबरोबर मी काम केलंय, त्यामुळे या पिकावर माझा राग नाही. उलट चांगलं पीक आहे. फक्त ते कुंडीचं पीक नाही, आणि महाराष्ट्रात ते आज कुणाच्याच घरचं नाही.

कायद्यापासून सुरू करू, कारण बाकी सगळं त्याच्या नंतर येतं. १९८५ चा एनडीपीएस कायदा, ज्याला आपण अमली पदार्थ कायदा म्हणतो, त्यात भांगेच्या झाडाची व्याख्या एका ओळीची आहे: कॅनाबिस या प्रजातीचं कोणतंही झाड. हेम्प वेगळं, गांजा वेगळा अशी विभागणी तिथे नाही. टीएचसी किती, हा प्रश्नच व्याख्येत नाही. वनस्पतिशास्त्रातही हेम्प आणि गांजा हे एकाच वनस्पतीचे दोन वापर आहेत, तेव्हा कायदा फार चुकीचं बोलतोय असंही नाही. कलम ८ मध्ये हे झाड लावायला मनाई आहे आणि कलम २० मध्ये शिक्षा आहे: लागवडीसाठी दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड.

इथे लोक दोन गोष्टींची सरमिसळ करतात. पहिली, ‘पान आणि बी कायद्यात येत नाही’. हे अर्धं खरं आहे. गांजाच्या व्याख्येत फुलांचे तुरे येतात. तुऱ्यांशिवायची पानं आणि बिया त्यातून वगळल्या आहेत. उत्तरेत सरकारी परवान्याची भांगेची दुकानं चालतात ती या फटीतून. पण ही सूट पानाला आणि बीला आहे, झाडाला नाही. पानासाठी लावा, बीसाठी लावा, नुसतं शोभेला लावा. लावलंत की लागवड झाली. शिवाय महाराष्ट्रात भांगही मोकळी नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली तिला परवाना लागतो. शिवरात्रीला काय चालतं ते तुम्हालाही माहीत आहे, मलाही. पण पोलीस ठाण्यात तो युक्तिवाद चालत नाही.

दुसरी सरमिसळ प्रमाणाची. एक किलोपर्यंत गांजा ‘अल्प प्रमाण’, वीस किलोंच्या पुढे ‘व्यापारी प्रमाण’, हे कोष्टक लोकांना पाठ असतं. मग वाटतं, दोन झाडांना कोण विचारतंय. ते कोष्टक जवळ बाळगणं, विकणं, वाहून नेणं यांच्यासाठी आहे. लागवडीच्या पोटकलमात झाडांची संख्या लिहिलेलीच नाही. दोन झाडं असोत की दोनशे, कलम तेच. शिक्षा किती द्यायची हे न्यायाधीश ठरवतील, पण गुन्हा दाखल होताना सवलत नाही. आणि पोलीस झाड मुळासकट उपटतात, देठ-पाना-मातीसकट वजन करतात. नुसत्या तुऱ्यांचं वजन किती, हा वाद तुमचे वकील पुढे उच्च न्यायालयात घालू शकतात आणि असे वाद घातले गेलेही आहेत. पण तोवर तुम्ही कुठे असाल याचा विचार करा.

हेतू नव्हता, माहीत नव्हतं, हे म्हणणं या कायद्यात विशेष महाग पडतं. कलम ३५ प्रमाणे तुमच्या मनात हेतू होता असं न्यायालय गृहीत धरतं. नव्हता हे तुम्ही सिद्ध करायचं, आणि तेही संशयाला जागा न ठेवता. रानात आपोआप उगवलेल्या झाडाबाबत ‘मी लावलं नाही’ असं म्हणायला जागा असते; हिमाचल-उत्तराखंडात रस्त्याकडेला भांग माजलेली असते, तिथे हा मुद्दा येतो. कुंडीत, तेही ऑनलाइन मागवलेल्या बियांचं, पैसे भरल्याची नोंद फोनमध्ये असलेलं झाड आपोआप उगवलं असं कुणीच म्हणणार नाही.

घर भाड्याचं असेल तर घरमालकाची मान अडकते, कारण जाणूनबुजून जागा वापरू देणाऱ्यासाठी कलम २५ आहे. तुमचं घर स्वतःचं आहे, पण गच्ची बहुधा सोसायटीची सामायिक असेल. तेव्हा सेक्रेटरींना या प्रयोगात ओढू नका. गावाकडे तर आणखी एक गोष्ट आहे. बेकायदा लागवडीची माहिती देणं ही जमीनधारकाची, आणि सरपंच, पंच, गावकामगारांची कायदेशीर जबाबदारी आहे. पोलीस पाटलाने कळवलं म्हणून त्याच्यावर रागावून उपयोग नाही, न कळवलं तर तो अडचणीत येतो. धुळे जिल्ह्यात शिरपूरच्या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याशी, कापूस-तुरीच्या आड लावलेली गांजाची शेतं पोलीस वारंवार उपटतात. त्यामुळे महाराष्ट्रातल्या ग्रामीण पोलिसांना हे पान लांबून ओळखता येतं. हेम्पचं पान आणि गांजाचं पान दिसायला सारखंच. सात पात्यांकडे बघून टक्केवारी सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

मग उत्तराखंडात कसं चालतं? त्याच कायद्याच्या कलम १४ मुळे. धागा किंवा बी यांच्यासाठी, किंवा बागकामासाठी, सरकार आदेश काढून लागवडीला परवानगी देऊ शकतं. अमली पदार्थांवरच्या १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारातही औद्योगिक वापराला अशीच मोकळीक ठेवलेली आहे. उत्तराखंडने ही तरतूद वापरून २०१८ साली देशात पहिला परवाना दिला. हिमाचलच्या मंत्रिमंडळाने जानेवारी २०२५ मध्ये पालमपूर आणि नौणी इथल्या दोन विद्यापीठांमार्फत प्रायोगिक अभ्यासाला मंजुरी दिली. जम्मूला सीएसआयआर या केंद्राच्या संशोधन परिषदेच्या संस्थेत औषधी कॅनाबिसवर संशोधन चालतं. गोव्यात २०२० च्या शेवटी औषधी लागवडीचा प्रस्ताव विधी खात्यापर्यंत गेला, गदारोळ झाला आणि प्रकरण तिथेच थांबलं. महाराष्ट्रात मात्र सामान्य शेतकऱ्याने किंवा शहरातल्या माणसाने अर्ज करावा अशी हेम्पची परवाना योजनाच नाही. आणि जिथे आहे, तिथेही तो परवाना ठरावीक माणसाला, ठरावीक जमिनीवर, ठरावीक बियाण्यासाठी मिळतो. गच्चीतल्या कुंडीसाठी परवाना देणारं राज्य भारतात नाही.

आता त्या ०.३ टक्क्यांकडे येऊ, कारण सगळा विश्वास त्या आकड्यावर आहे. हा आकडा निसर्गात कुठे कोरलेला नाही. अर्नेस्ट स्मॉल नावाच्या कॅनडातल्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९७६ च्या सुमारास वर्गीकरणाच्या सोयीसाठी एक रेघ ओढली, आणि ती रेघ मनाने ठरवलेली आहे हे तो स्वतःच सांगत आला. पुढे अमेरिकेच्या २०१८ च्या कृषी कायद्याने तीच घेतली. युरोपीय संघात ती बराच काळ ०.२ होती, २०२३ पासून ०.३ झाली. उत्तराखंडानेही तीच धरली. म्हणजे पाकिटावरचा आकडा हा कुठल्या तरी परवाना पद्धतीतला आकडा आहे. जिथे ती पद्धतच नाही तिथे त्याला किंमत नाही.

बरं, तो आकडा बियांचा असतो का? नाही. बीमध्ये टीएचसी जवळपास नसतंच. असतं ते फुलांभोवतीच्या राळेच्या बारीक ग्रंथींमध्ये. त्यामुळे बीची चाचणी करून काहीच कळत नाही. पाकिटावरचा दावा हा ‘या जातीचं झाड, ठरावीक अवस्थेत, प्रयोगशाळेत तपासलं तर एवढं भरेल’ असा असतो. फुलोरा जसा पिकतो तसं टीएचसी वाढतं. आज ०.२ दाखवणारं शेत दोन आठवड्यांनी ०.४ दाखवू शकतं. अमेरिकेत अशी शेतं सरकारी नियमाने नष्ट करावी लागतात, नाहीतर मर्यादेत बसवून घ्यावी लागतात. आणि ही तपासणी घरी कागदी पट्टी बुडवून होत नाही, त्याला प्रयोगशाळेतलं यंत्र लागतं. भारतात एखादा खासगी माणूस आपल्या गच्चीवरचे तुरे घेऊन प्रयोगशाळेत गेला, तर त्याने आपल्याच हाताने पुरावा नेऊन दिला असं होईल.

त्या पाकिटाबद्दल आणखी दोन शंका. परदेशातून पेरणीसाठी कुठलंही बी मागवायचं तर २००३ च्या वनस्पती संगरोध (क्वारंटाइन) आदेशाप्रमाणे आयात परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला लागतो. टपालाने आलेल्या पाकिटाला यातलं काहीच नसतं. आणि देशातच ‘हेम्प सीड’ म्हणून विकलं जाणारं काही बी ‘सन हेम्प’चं असतं, म्हणजे आपला ताग. हिरवळीच्या खताला उत्तम, पण त्याच्या बिया विषारी असतात. त्या भाजून चटणी करू नका. सोललेल्या, पांढुरक्या, खाण्यासाठी विकल्या जाणाऱ्या हेम्पच्या बिया असतील तर त्या मुळात उगवणारच नाहीत.

समजा, कायदा क्षणभर बाजूला ठेवला. तरी एक अडचण उरते आणि तिच्याबद्दल फार कमी लोक बोलतात: दिवसाची लांबी. हेम्प दिवस लहान व्हायला लागले की फुलतं. युरोप-कॅनडातल्या प्रमाणित जाती, म्हणजे फ्रान्सच्या फेदोरा, फुतुरा किंवा युक्रेनची उसो, या पंचेचाळीस-पन्नास अंश अक्षांशावर घडल्या. तिथे जूनमध्ये दिवस सोळा तासांचा असतो. झाड दोन-अडीच महिने नुसतं वाढतं आणि ऑगस्टमध्ये दिवस आखडले की फुलावर येतं. पुण्यात वर्षातला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास. या जातींना आपला एकवीस जूनही शरद ऋतूसारखा वाटतो. उगवलं, चार-सहा पानं आली की फुलोरा. गुडघ्याएवढं झुडूप होतं, ना धागा ना बी.

मग आपल्या दिवसमानाला जुळणाऱ्या जाती घ्याव्यात? त्या आहेत, हिमालयात आणि मध्य भारतात. पण त्या पिढ्यान्‌पिढ्या चरस-गांजासाठी निवडलेल्या किंवा तशा झाडांशी परागीकरण होत आलेल्या. उत्तराखंडातली सर्वांत मोठी डोकेदुखी हीच आहे. स्थानिक बी जोमाने येतं, पण तपासलं की ०.३ च्या वर जातं. आणि बाहेरचं कमी टीएचसीचं बी आणलं तरी आजूबाजूची रानभांग वाऱ्यावर पराग सोडत असते, तो मैलोन्‌मैल जातो, आणि पुढच्या पिढीचं बी पुन्हा वर सरकतं. थोडक्यात, ज्या जाती टीएचसीला बसतात त्या आपल्या दिवसमानाला बसत नाहीत, आणि दिवसमानाला बसतात त्या टीएचसीला. हा पेच सोडवायला संस्था लागतात. थायलंडच्या रॉयल प्रोजेक्ट फाउंडेशनने डोंगराळ भागातल्या स्थानिक बियांतून निवड करत आरपीएफ मालिकेतल्या कमी टीएचसीच्या जाती काढल्या. ते काम कुंड्यांतून होणारं नव्हतं.

पावसाचंही सांगायला हवं. हेम्पला उभं पाणी सोसत नाही, रोप लहान असताना तर अजिबातच नाही. जूनमध्ये पेरलं तर आपला पाऊस त्याला बुडवतो, आणि फुलोरा दमट हवेत सापडला तर तुऱ्यांत करडी बुरशी शिरते. कोकणात आणि गोव्यात तर हे ठरलेलंच.

आता उत्पन्नाचा हिशेब करू. मला हा भाग आवडतो, कारण इथे इंटरनेटवरची सगळी हवा निघून जाते. चारशे चौरस फूट म्हणजे साधारण सदतीस चौरस मीटर. चांगल्या शेतात हेक्टरी एक टन बी आलं तर शेतकरी खूश असतो. म्हणजे चौरस मीटरला शंभर ग्रॅम. तुमची पूर्ण गच्ची, पाण्याची टाकी आणि कपड्यांच्या दोऱ्या काढून, भरून टाकली तरी साडेतीन किलोच्या आसपास बी. त्यात तेल तीस-पस्तीस टक्के, पण घरगुती घाण्यातून सगळं निघत नाही. लिटरभर निघालं तर नशीब. आठ-दहा कुंड्यांत? हेम्पच्या बऱ्याच जातींत नर आणि मादी झाडं वेगळी असतात, साधारण अर्धी-अर्धी. नर पराग सोडून वाळून जातात. उरलेल्या चार-पाच मादी झाडांवरचं बी एकदम पिकत नाही. खालचं पिकेपर्यंत वरचं हिरवं, आणि वरचं पिकेपर्यंत खालचं गळून गेलेलं. मधल्या काळात पोपट. पोपटांना हे बी किती आवडतं हे ज्याने शेत राखलंय त्यालाच विचारा.

धाग्याचं तर विचारूच नका. धागा हवा असेल तर पेरा इतका दाट लागतो की चौरस मीटरला दोनशेच्या वर झाडं उभी राहतात, तरच ती सरळसोट, बिनफांदीची, बारीक खोडाची होतात. तुमच्या गच्चीवर ती सात हजारांवर जातात. पंचनाम्यात हा आकडा कसा दिसेल ते बघा. कुंडीत सुटं लावलेलं झाड फांद्या फोडतं आणि त्याचं खोड लाकडासारखं होतं, त्यातून वाख, म्हणजे सालीचा धागा, निघत नाही. शिवाय खोडं कापून कुजवावी लागतात, पाण्यात आठ-दहा दिवस किंवा दवावर कित्येक आठवडे. अंबाडी कुजवलेल्या डोहाचा वास ज्यांनी घेतलाय त्यांना सांगायला नको. तोच वास सोसायटीच्या पाचव्या मजल्यावर. त्यानंतर वाळवणं, कुटणं, विंचरणं. खोडाच्या वजनातला जेमतेम पाव भाग धागा. कुंडीत गव्हाची दहा ताटं लावून वर्षाच्या पोळ्यांचा हिशेब करावा, तसलाच हा प्रकार.

आणि एक गोष्ट खाण्याच्या दृष्टीने. हेम्प जमिनीतले जड धातू, कॅडमियम, शिसं, निकेल, चांगल्यापैकी शोषून घेतं. म्हणूनच चेर्नोबिलच्या परिसरात माती शुद्ध करण्यासाठी त्याचे प्रयोग झाले. बांधकामाच्या राडारोड्यातून भरलेली गच्चीवरची माती आणि खाली वाहता हमरस्ता असताना अशा झाडाचं पान औषध म्हणून आईला द्यायचं, हे मला पटत नाही.

आईचं दुखणं हा तुमच्या प्रश्नातला मला सर्वांत महत्त्वाचा भाग वाटला, म्हणून त्यावर वेगळं लिहितो. मी डॉक्टर नाही. पिकाच्या बाजूने जेवढं माहीत आहे तेवढंच सांगतो. तुम्ही ज्याला ‘हेम्पचं तेल’ म्हणता त्यात दोन अगदी वेगळ्या वस्तू मिसळल्या जातात. बियांचं तेल हे खाद्यतेल आहे, जवसाच्या तेलासारखं. त्यात सीबीडी, म्हणजे याच झाडातला नशा न आणणारा, औषध म्हणून चर्चेत असलेला घटक, नसल्यातच जमा. सीबीडी असतं तुऱ्यांच्या अर्कात, आणि भारतात तुरे म्हणजे गांजा. कमी टीएचसीच्या झाडातही सीबीडी आणि टीएचसी साधारण वीस-पंचवीसास एक या प्रमाणात सोबत वाढतात. म्हणून घरी काढलेल्या अर्कात कशाचं प्रमाण किती, हे काढणाऱ्याला कधीच कळत नाही.

सीबीडीचं जे औषध खरोखर मान्यता पावलंय, अमेरिकेत जून २०१८ मध्ये, ते लहान मुलांच्या दुर्मीळ आणि हट्टी अपस्मारासाठी आहे. त्याचा डोस किलोमागे रोज पाच ते वीस मिलिग्रॅम. वीस किलोच्या मुलाला किलोमागे दहाने दिला तरी दिवसाला दोनशे मिलिग्रॅम शुद्ध पदार्थ, आणि सोबत यकृताच्या तपासण्या. पानांच्या काढ्याचा या हिशेबाशी संबंध नाही. सांधेदुखीवर तेवढा खणखणीत पुरावा अजून नाही. आई रक्त पातळ करणारी वॉरफेरिनसारखी गोळी घेत असतील तर सीबीडीने तिचा परिणाम वाढून रक्तस्रावाचा धोका होऊ शकतो, हे मात्र नीट माहीत असलेलं आहे. आयुर्वेदात विजया म्हणून हीच वनस्पती आहे. औषधी नियमांच्या ई-१ परिशिष्टात, म्हणजे वैद्याच्या देखरेखीखाली वापरायच्या विषारी द्रव्यांत, तिचं नाव आहे. परवानाधारक कंपन्यांची विजयायुक्त औषधं वैद्याच्या चिठ्ठीवर मिळतात. तो रस्ता कायदेशीर आहे. आईच्या डॉक्टरांना सगळ्या गोळ्यांची यादी दाखवून विचारा आणि मग ठरवा.

आणि बी खायचं असेल तर त्यासाठी झाड लावायची गरजच नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, हेम्पचं बी, बियांचं तेल आणि पीठ यांना अन्न म्हणून मान्यता दिली आहे, टीएचसीच्या मर्यादा घालून: बियांत किलोला पाच मिलिग्रॅम, तेलात दहा. परवाना क्रमांक असलेलं पाकीट बघून दुकानातून आणा. कुमाऊंमध्ये भांगेच्या बियांची चटणी आणि अरवीच्या भाजीत त्यांचं वाटण घालणं ही रोजची गोष्ट आहे. चव खसखशीच्या आणि अक्रोडाच्या मधली, चांगली लागते.

गावाकडच्या दोन एकरांबद्दल. ‘लायसन्स आम्ही काढून देतो, तुम्ही फक्त जमीन द्या’ असं म्हणणाऱ्या माणसाला एकच गोष्ट मागा: महाराष्ट्र शासनाचा आदेश, ज्यात तुमच्या गट नंबरावर लागवडीला परवानगी लिहिली आहे. उत्तराखंडच्या परवान्याची झेरॉक्स दाखवतील, ती पुणे जिल्ह्यात कागदाचा तुकडा आहे. स्टार्टअप नोंदणी, जीएसटी क्रमांक, कुठल्याशा संघटनेचं सदस्यत्व, यातलं काहीही परवाना नव्हे. सातबाऱ्यावर नाव तुमचं आहे; पीक जप्त झालं तर पोलीस कंपनीच्या कार्यालयात आधी जाणार नाहीत.

उद्या महाराष्ट्राने धोरण आणलंच, तरी सही करण्याआधी बघायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. बियाणं कोण देणार आणि ते आपल्या अक्षांशावर कुणी वाढवून पाहिलंय का? टीएचसी वर गेलं तर पीक नष्ट करण्याचा खर्च आणि तोटा कुणाचा? खोडातून धागा सोडवणारं यंत्र किती किलोमीटरवर आहे? हा शेवटचा प्रश्न सगळ्यांत जास्त शेतकऱ्यांना बुडवतो. वाळलेली खोडं म्हणजे हवेने भरलेला ट्रक. शंभर किलोमीटर नेली की भाड्यातच नफा संपतो. हमीभावाचा आकडा बांधावरचा आहे की कारखान्याच्या दारातला, हे करारात लिहून घ्या.

भाऊ अमेरिकेत कुठे आहे ते तुम्ही लिहिलं नाही. न्यू जर्सीत असेल, जिथे आपली मंडळी बरीच आहेत, तर तिथे प्रौढांना दुकानातून गांजा विकत घेता येतो पण घरी एक झाडही लावता येत नाही. काही राज्यांत घरी लावायला चालतं, तरी केंद्राच्या कायद्यात ते आजही निषिद्ध आहे, आणि एच-१बी किंवा ग्रीन कार्डवाल्याला व्हिसा आणि नागरिकत्वाच्या वेळी केंद्राचाच कायदा लागतो. हे तिथल्या मराठी मुलांना आवर्जून सांगा. राज्याच्या कायद्यावर विसंबून बरेच जण गाफील राहतात. हेम्पची शेती तिथेही परवान्यानेच. जर्मनीत एप्रिल २०२४ पासून प्रौढाला घरी तीन झाडं लावता येतात, कॅनडात बहुतेक प्रांतांत घरटी चार, पण ती नशेच्या झाडाला दिलेली सूट आहे. गंमत अशी की बिननशेचं औद्योगिक हेम्प मात्र दोन्ही देशांत शेतीच्या नियमांत अडकलेलं, घरच्या बागेत बसत नाही.

राहिला प्रश्न गच्चीचा. तुम्हाला जे हवंय, पौष्टिक बी आणि हाताने काढलेला धागा, ते देणारं झाड आपल्याकडे आधीपासून आहे: जवस. हेम्पच्या तेलात ओमेगा-३ पंधरा-वीस टक्क्यांच्या घरात असतं, जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त. लिननचं कापड याच वनस्पतीच्या धाग्याचं. विदर्भात चटणीला आणि तेलाला अजून लावतात. ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत उथळ, लांबट कुंड्यांत बी फोकून द्या, बोटभर अंतरावर विरळणी करा. दाट ठेवलं तर खोडं सरळ येतात. निळी फुलं सकाळी उमलून दुपारपर्यंत गळतात. चार महिन्यांत बोंडं तपकिरी होतात, तेव्हा मुळासकट उपटून सावलीत वाळवा. बी झोडून घ्या, आणि मूठभर खोडं बादलीत बुडवून आठवडाभर ठेवा. साल सुटायला लागली की धागा हाताने ओढता येतो. बिया देणाऱ्या जातीचा धागा आखूड येतो, पण शिकायला पुरतो.

पावसाळ्यासाठी अंबाडी. जूनमध्ये लावा, पाल्याची कण्या घालून भाजी करा, वर लसणाची फोडणी. आणि दोन-चार झाडं फुलावर येईपर्यंत उंच जाऊ द्या. त्यांच्या सालीचा वाख जाड आणि खरखरीत निघतो, पण दावणीचे दोर आपल्याकडे त्याचेच वळत होते. गावाकडचे दोन एकर रिकामे असतील तर त्यात ताग पेरा, पंचेचाळीस-पन्नास दिवसांनी फुलावर आला की गाडून टाका. नत्राचा खर्च तेवढा कमी होईल, आणि तलाठ्याला काही सांगावं लागणार नाही.